आकडा उतरला न्हवं?

"ताई, आकडा उतरला न्हवं?"

लॅबच्या खिडकीत कोपर टेकून तिनं विचारलं आणि मी "हो, उतरला" म्हणाले. झालं ते एवढंच. सकाळचे साडेसहा वाजले असतील. नाइट संपत आली होती, मागं सेंट्रिफ्यूज घरघरत होतं आणि समोर तिचा हात होता. अंगठ्याच्या खाली बॉलपेननं लिहिलेलं २३८० घामानं फिसकटलं होतं. आदल्या दिवशीचा अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात चढणारा पाचक रस. रिपोर्ट दिरानं नातेवाइकांना दाखवायला नेला म्हणून तिनं तो आकडा हातावर उतरवून घेतला होता. मी आजचा कागद पुढं सरकवला. तिनं त्यातला ठळक छापलेला, शेजारी चांदणी असलेला आकडा बोटानं शोधून काढला. ११४०. "निम्म्याच्या खाली आला की ओ!" म्हणाली, आणि दोन रात्रींत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "मग सासूबाईस्नी नका येऊ म्हणून सांगती. लांबनं येत्यात, गुडघं दुखत्यात त्यांचं."

त्याच कागदावर तीन ओळी खाली ब्लड युरिया, मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ६१ होता. आदल्या दिवशी तो ३४ होता.

ती पायऱ्या उतरून फोन लावायला गेली. माझी ड्युटी आठला संपली. चार वर्षं झाली या गोष्टीला, पण अजूनही एखाद्याच्या हातावर पेननं काही लिहिलेलं दिसलं की माझं लक्ष तिकडंच जातं.

तिचा नवरा चाळिशीचा, नदीकाठच्या गावातला, गळ्यात तुळशीची माळ. पाहुण्यांकडं वास्तुशांतीचं जेवण झालं आणि मध्यरात्री पोटात जे सुरू झालं ते पाठीपर्यंत आरपार. ॲसिडिटी म्हणून सोडा झाला, गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन झालं, आणि सकाळी आमच्याकडं आणला तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन, वाकडा होऊन बसला होता, कारण आडवं पडवत नव्हतं. मी रक्त घ्यायला गेले तेव्हा तिला कुणीतरी तिसऱ्यांदा विचारत होतं, पितात का? स्वादुपिंडाला सूज म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, आणि यावा लागतो, दारू हे त्याचं मोठं कारण आहेच. पण ती वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "आवं माळकरी हाईत ह्ये. च्यासुदिक पीत न्हाईत." शेजारच्या कॉटवरची बाई तोंड फिरवून हसली. ते हसणं तिनंही बघितलं. त्या दिवशी दुपारी त्याचा एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, २४० आला. या आजारात पहिल्या दिवशी एसजीपीटी दीडशेच्या वर असला की बहुतेक वेळा कारण पित्ताशयातला खडा निघतो, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी सोनोग्राफीत खडे दिसले. ती रिपोर्टला आली तेव्हा मी तिला मुद्दाम म्हणाले, "खडा आहे म्हणतात. दारूचं नाही." रिपोर्टचा अर्थ सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगितला. तिनं खिडकीच्या गजातून हात घालून माझा हात धरला. तेव्हापासून वॉर्डात कुणी काही सांगितलं तरी ती माझ्याकडं येऊन खात्री करून जायची.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांना न विचारता मला विचारायला आली.

अमायलेजबद्दल मी काही वर्षं आमच्या नव्या मुलींना शिकवते आहे. कळ सुरू झाल्यापासून सहा ते बारा तासांत तो रक्तात चढतो आणि तीन ते पाच दिवसांत उतरतो. स्वादुपिंडाचाच दुसरा रस, लायपेज, थोडा जास्त दिवस रेंगाळतो. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेला आणि पोटात तशी कळ असली की निदान झालं म्हणायचं. इथं त्याचं काम संपतं. पाच हजारवाला आठवड्यात चालत घरी जातो आणि सातशेवाला आयसीयूत जातो, असं मी कितीदा पाहिलंय. आकडा किती मोठा यावरून आजार किती मोठा हे कळत नाही, आणि तो उतरला म्हणजे माणूस सुधारला असंही नाही. माणूस सुधारो की बिघडो, अमायलेज आपल्या वेळेला उतरतो. तरीही कितीतरी ठिकाणी तो रोज सकाळी मागवला जातो, रोज त्याचे पैसे लागतात, आणि रोज कुणीतरी तो बघून हसतं किंवा रडतं. मला हे पटत नाही. निदान झाल्यावर त्याचा कागद निघूच नये असं माझं मत आहे, आणि मी ते बोलूनही दाखवते.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक फिजिशियन सर रात्री राउंड झाला की आमच्या लॅबमध्ये चहाला बसायचे. असाच एक पेशंट होता, आणि मी मोठ्या उत्साहानं सरांना सांगितलं, सर, अमायलेज तीन हजार! सँपल डायल्यूट करून परत लावलं! ते म्हणाले, "अमायलेज राहू दे. पीसीव्ही किती आणि युरिया किती, आणि काल किती होता ते सांग." पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशी किती भाग. मला कालचा शोधायला रजिस्टर उलटवावं लागलं. मग त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवत समजावलं. स्वादुपिंड बिघडतं तेव्हा अन्न पचवणारे रस आतल्या आतच जागे होतात आणि ते स्वतःलाच पचवू लागतं. तिथली आग मग अंगभर पसरते. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात, आतड्यांच्या भोवती, कधी छातीत जाऊन बसतं. बाहेर एक थेंब सांडत नाही, पण रक्तातलं पाणी आटतं. लाल पेशी तेवढ्याच राहतात आणि पाणी कमी होतं, म्हणून पीसीव्ही वर जातो. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, म्हणून युरिया चढतो. आग किती मोठी आहे याची बातमी या दोन साध्या, रोजच्या, कुणाच्याही कागदावर असलेल्या तपासण्यांत येते.

मला ते लगेच पटलं, कारण दाट रक्त मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, कॉलेजात पीसीव्ही मशीनवर काढत नसू. विंट्रोबची नळी असायची, शंभर खुणांची, उदबत्तीएवढी बारीक. लांब पिपेटनं तळापासून रक्त भरत वर यायचं, बुडबुडा राहिला की सगळं पुन्हा. तीन हजार फेऱ्यांवर अर्धा तास फिरवून बाहेर काढली की वर गवती रंगाचं पाणी, मध्ये कागदाच्या कडेएवढा पांढुरका थर आणि खाली लालभडक खांब. खांब जिथं संपतो ती खूण वाचायची. निरोगी बाप्याचा पंचेचाळीसच्या आसपास. अतिसाराच्या एका मुलाचा खांब इतका उंच आला होता की वरचं पाणी बोटाच्या पेरभर उरलं होतं, आणि मास्तर म्हणाले होते, बघून ठेवा, या पोराचं पाणी कुठं गेलं असेल? आता जांभळ्या टोपणाची ट्यूब मशीनच्या तोंडाला लावली की मिनिटभरात पंचवीस आकडे छापून येतात. त्या पंचविसातला एक म्हणून पीसीव्ही येतो. खांब दिसत नाही.

माळकऱ्याचा पीसीव्ही पहिल्या दिवशी ४६ होता. रात्रभर सलाईन जाऊनही दुसऱ्या दिवशी ४८.

सांगलीत राहणाऱ्याला या गोष्टी खरं तर समजायला अवघड जाऊ नयेत. पावसाळ्यात इथं लहान पोरालाही आयर्विन पुलाची पातळी पाठ असते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पण गावभागातला जुना माणूस पातळी विचारून थांबत नाही. पुढचा प्रश्न असतो, पाणी चढतंय का थांबलंय? कोयनेतनं किती सोडलंय? त्रेचाळीस फूट आणि तासाला चार बोटं चढतंय म्हटलं तर माणसं गाद्या माळ्यावर टाकायला लागतात. सत्तेचाळीस फूट आणि दोन तास हललं नाही म्हटलं तर चहा टाकतात. आमचे आप्पा प्रत्येक पुरात दाराच्या पायऱ्यांवर खडूनं रेघ मारायचे, तासाला एक, शेजारी वेळ लिहून. दोन रेघांत अंतर वाढत गेलं की ते काही बोलायचे नाहीत, फक्त आईला धान्याची पोती दाखवायचे. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा आप्पा नव्हते. आम्ही टीव्हीवर पातळी बघत बसलो. रेघ मारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि निघायला उशीर झाला.

या आजारात पुढं काय होणार हे आधी ओळखायची धडपड जुनी आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन रॅन्सन या सर्जननं अकरा खुणांची यादी दिली. पाच दाखल होताना बघायच्या, म्हणजे वय, पांढऱ्या पेशी, साखर, आणि एलडीएच, एसजीओटी ही रक्तातली दोन एन्झाइमं. उरलेल्या सहा अठ्ठेचाळीस तासांत, त्यात युरियाची वाढ आहे, कॅल्शियम आठच्या खाली जाणं आहे. पोटातली चरबी विरघळून कॅल्शियमला धरते आणि आत अक्षरशः साबण तयार होतो, म्हणून ते उतरतं. त्या अकरांत अमायलेज नाही! पन्नास वर्षांपूर्वीच त्या यादीत त्याला जागा मिळाली नव्हती, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी यादी दोनदा वाचली. अडचण एवढीच की बेरीज पुरी व्हायला दोन दिवस लागायचे, आणि या आजारात दोन दिवस म्हणजे फार झाले. पुढं २००८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या दोनशेबारा हॉस्पिटलांतल्या हजारो पेशंटांच्या नोंदी चाळून पाच गोष्टींवर आणलं. युरिया, शुद्ध हरपणं, ताप-नाडी-श्वास-पांढऱ्या पेशी यांची गडबड, साठीच्या वरचं वय, छातीत पाणी. पाचातलं एकही नसेल तर दगावण्याचा धोका एक टक्क्याच्याही खाली, पाचही असतील तर वीस टक्क्यांच्या वर. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी फक्त युरियावर बोट ठेवलं. पहिल्या चोवीस तासांत त्यांच्या मापानं युरिया पाचानं चढला की धोका दुपटीहून जास्त.

त्यांच्या मापानं म्हणताना एक सांगायला हवं, कारण यात नवी मुलं फसतात. तिकडं युरियातला फक्त नायट्रोजन मोजून सांगतात, आपल्याकडं बहुतेक लॅब अख्खा युरिया छापतात. आपला आकडा त्यांच्या दोनपट आणि वर थोडा, २.१४ नं गुणायचं. त्यांचा वीस म्हणजे आपला त्रेचाळीस. त्यांची पाचाची चढ म्हणजे आपली जवळजवळ अकराची. माळकऱ्याचा चढला होता सत्तावीसनं.

आणखी एक गंमत नव्हे, कोडंच म्हणते. रॅन्सन यांच्या यादीत अठ्ठेचाळीस तासांत हिमॅटोक्रिट, म्हणजे पीसीव्हीच, दहा टक्क्यांहून जास्त उतरणं वाईट धरलंय. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की चव्वेचाळीसच्या वर असलेला पहिल्या चोवीस तासांत न उतरणं वाईट. एकच आकडा, पहिल्या दिवशी अडून बसला तर घाबरायचं आणि दुसऱ्या दिवशी कोसळला तरी घाबरायचं. मी बरेच दिवस यात अडकले होते. मग लक्षात आलं की आकड्याला एकट्याला काही म्हणताच येत नाही. कालचा किती, मधल्या रात्री किती सलाईन गेलं, लघवी किती झाली, कळ कधी सुरू झाली, हे सगळं शेजारी मांडल्याशिवाय तो मुका आहे.

त्या पहाटेचं आता नीट सांगते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डेल्टा चेक असतो. एकाच पेशंटचा कालचा आणि आजचा आकडा ते ताडून बघतं आणि फरक फार असला की रिपोर्ट अडवतं. ते ठेवलंय सँपल बदललं का हे पकडायला. पावणेसहाला त्याचा युरिया अडला. मी नेमानं सगळं केलं. ट्यूबवरचं नाव वाचलं, वॉर्ड वाचला, पिवळ्या टोपणाच्या त्याच ट्यूबमधून टेस्ट परत लावली. साठ आला. पहिला एकसष्ट. सँपल त्याचंच होतं. बदललं होतं ते आत काहीतरी. मी व्हेरिफायचं बटण दाबलं. एकसष्ट हा काही आमच्या क्रिटिकलच्या यादीतला आकडा नव्हे, दीडशे आला तर फोन करायचा असतो. तरी मी वॉर्डात फोन लावला. रात्रभर जागून घसा बसलेला रेसिडेंट होता. म्हणाला, "हो मॅडम, लघवी कमीच आहे, श्वासही वाढलाय, सरांना कळवलंय, बघतोय आम्ही." म्हणजे मशीनला कळलं होतं, मला कळलं होतं, त्या पोराला कळलं होतं, त्याच्या सरांना कळलं होतं.

तिला एकटीला कळलं नव्हतं. आणि मी तिला "हो" म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याला आयसीयूत नेलं. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनच्या रिपोर्टांच्या चिठ्ठ्या तासातासाला यायला लागल्या. चौथ्या दिवशी पहाटेच्या रॅकमध्ये त्याच्या नावाची ट्यूब नव्हती. लॅबमध्ये माणूस असाच नाहीसा होतो. घरी गेला, मोठ्या शहरात हलवला की गेला, हे रॅक सांगत नाही. वॉर्डात विचारलं तर मोठ्या हॉस्पिटलात हलवल्याचं कळलं. पुढचं मला माहीत नाही. सासूबाई त्याआधी येऊन पोचल्या का, हेही माहीत नाही. ते विचारायला कुणी नव्हतंच.

मी या गोष्टीची उलटी बाजूही स्वतःला किती वेळा मांडून दाखवलीय. हे सगळे स्कोअर हजारोंच्या घोळक्याबद्दल बोलतात. युरिया चढलेले पुष्कळजण आठव्या दिवशी पेरू खात घरी जातात. खरं तर या तपासण्या कोण वाचणार हे जेवढं नेमकं सांगतात तेवढं कोण बिघडणार हे सांगत नाहीत. जर्मनीतल्या डॉक्टरांचा एक साधा हिशेब आहे. पोट दाबल्यावर कडक नाही, हिमॅटोक्रिट ठीक, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठीक, एवढं असलं की बहुधा निभावतं, आणि तो जवळपास नेहमी खरा ठरतो. वाईटाचं भाकीत निम्म्या वेळा हुकतं. आणि वेळेत ओळखून करायचं काय, हेही सोपं नाही. पाणी आटतंय म्हणून सलाईन धडाधड सोडावं असंच आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. २०२२ मध्ये एका मोठ्या चाचणीत असं भरपूर सलाईन दिलेल्यांत दर पाचातल्या एकाच्या अंगात पाणी जास्त झालं, बेतानं दिलेल्यांत ते प्रमाण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं होतं, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे माझ्या त्या एका शब्दानं त्याच्या उपचारात काही फरक पडला असता असं नाही. ते मला कळतं. आणि रिपोर्टचा अर्थ सांगायचं काम माझं नाही, हेही बरोबर आहे.

पण पहिल्या दिवशी मी सांगितला होता ना अर्थ. चांगला होता तेव्हा सांगितला. वाईट होता तेव्हा मला नियम आठवला.

"नका येऊ म्हणून अजून एवढ्यात सांगू नका सासूबाईंना. डॉक्टरांना युरियाबद्दल विचारा." एवढी दोन वाक्यं होती. समजा मी ती म्हणाले असते आणि तो आठ दिवसांत बरा झाला असता, तर म्हातारी उगाच एसटीत बसून आली असती. गुडघे दुखले असते. लेकाच्या उशाशी बसून, सूनबाईच्या डब्यातला भात खाऊन, परत गेली असती.

गेल्या मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. धोतर, टोपी, मुलगा आत ॲडमिट. हातात आजचा कागद थरथरत होता. "बाई, दोन हजार नऊशे झालाय हो. काल चोवीसशे होता. वाढला." ठळक अक्षरं, शेजारी चांदणी. मी कागद हातात घेतला. युरिया ३८, पीसीव्ही ३९. मला आदल्या दिवशीचे आकडे पाठ नव्हते, पण सँपल लावताना पीसीव्ही पंचेचाळीसच्या आसपास पाहिल्यासारखं वाटत होतं. मागं रांग होती. कुणीतरी पावतीसाठी बडबडत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "कालचा कागद आणलाय का बरोबर?"

त्यांनी बंडीच्या खिशातून चारदा दुमडलेला कागद काढला. मी दोन्ही खिडकीच्या फळीवर शेजारी शेजारी पसरले आणि कानामागची पेन्सिल काढली.